लिव्हिंग्स्टनसाहेबांचा बैल

इतिहासात जनावरांची भरती कुठल्या नियमानं होते, हे मला अजून कळलेलं नाही. घोडा असला की तो धन्यासकट पुतळ्यात जातो. हत्तीला अंबारीमुळे चित्रात जागा मिळते. सिंहाचं तर विचारूच नका. त्यानं नुसती एक डरकाळी फोडली तरी मोठ्या माणसाच्या चरित्रातलं एक अख्खं प्रकरण त्याच्या नावावर जमा होतं. बैलाच्या बाबतीत मात्र सगळा आनंद आहे. जन्मभर ओझी वाहून त्याला वर्षातून एकदा पुरणपोळी मिळते, तीही पोळ्यालाच. इतिहासात त्याची नोंद सहसा 'किरकोळ' या खात्यात होते.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनऱ्याचंच उदाहरण घ्या. आफ्रिका आडवी तुडवणारा, व्हिक्टोरिया धबधबा जगाला सांगणारा, आणि हरवला म्हणून ज्याला शोधायला स्टॅन्ले १८७१ साली उजिजीपर्यंत गेला, तो हा गृहस्थ. त्याच्या चरित्रातला सिंह सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याला ज्यानं महिनोन्‌महिने पाठीवर वाहिलं, दोनदा टाळूवर आपटलं आणि वर लाथही घातली, त्या सिंदबाद नावाच्या बैलाची चौकशी कुणी करत नाही. मी करायचं ठरवलं आहे. दिवसभर मुकाट्यानं ओझं ओढणाऱ्याबद्दल बँकेतल्या माणसाला थोडी आपुलकी वाटणारच.

तरी आधी सिंहाला वाटेला लावू. नाहीतर तो मध्ये मध्ये येत राहील.

ही गोष्ट १८४४ सालची, आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माबोत्सा या ठिकाणची. सिंह गावातली गुरं मारत होते. लिव्हिंग्स्टननं एका सिंहावर दुनळीचे दोन्ही बार टाकले आणि तो पुन्हा बंदूक ठासू लागला. सिंह तेवढा वेळ थांबायला तयार नव्हता. त्यानं झेप घेतली, साहेबांचा डावा खांदा तोंडात धरला आणि कुत्रं उंदराला झटकतं तसं त्यांना झटकायला सुरुवात केली. मेबाल्वे नावाच्या तिथल्या शिक्षकानं सिंहावर बंदूक रोखली, पण तिचे दोन्ही बार फुसके निघाले. सिंहानं साहेबांना सोडून मेबाल्वेची मांडी धरली. तिसरा एक माणूस भाला घेऊन धावला, तर सिंहानं त्याचाही खांदा चावला. इतकं सगळं उरकल्यावर साहेबांच्या पहिल्या गोळ्यांनी आपलं काम केलं आणि सिंह जागच्या जागी कोसळला. आमच्याकडे पास झालेल्या चेकचे पैसेही कधी कधी असेच उशिरा पोचतात.

लिव्हिंग्स्टनच्या दंडात अकरा दातांच्या जखमा झाल्या आणि हाड चुरलं. ते सांधलं, पण वाकडं. मोडलेल्या जागी एक जादा सांधा तयार झाला. बाकीच्या दोघांच्या जखमा पुढं फार दुखल्या, आपण मात्र बचावलो, याचं श्रेय साहेबांनी अंगातल्या लोकरी चौकड्यांच्या कोटाला दिलं. सिंहाच्या दातांवरचं विष कोटानं पुसून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. स्कॉटलंडच्या माणसानं कापडाची इतकी बाजू घ्यावी हे समजण्यासारखं आहे. पण फुसकी बंदूक घेऊन सिंहासमोर उभ्या राहिलेल्या मेबाल्वेलाही एखादा बरा कोट कुणी द्यायला हवा होता.

तर हा झाला सिंह. सगळा मिळून पाच-दहा मिनिटांचा कारभार. आता बैल.

११ नोव्हेंबर १८५३ रोजी लिव्हिंग्स्टन लिन्यांटीहून निघाला. हे गाव आजच्या नामिबिया आणि बोट्स्वाना यांच्या सीमेजवळ येतं. तिथं सेकेलेटू नावाचा मकोलोलो लोकांचा तरुण राजा होता. त्याच्याकडे हस्तिदंत भरपूर होतं, पण बाजार नव्हता. लिव्हिंग्स्टनकडे बायबल होतं आणि रस्ता नव्हता. पश्चिम किनाऱ्यावरच्या लुआंडा या पोर्तुगीज बंदरापर्यंत वाट सापडली तर दोघांचंही काम होणार होतं. सेकेलेटूनं सत्तावीस माणसं दिली, हस्तिदंत दिलं, बैल दिले. साहेबांनी आपल्याबरोबर थोडा चहा, साखर, कॉफी, मणी, एक लहानसा तंबू, आकाश मोजायची यंत्रं आणि चित्रं दाखवायचा जादूचा कंदील घेतला. आमचे एक शेजारी महाबळेश्वरला चार दिवस जाताना याच्या तिप्पट सामान नेतात, आणि कंदील विसरतात.

सुरुवातीचा प्रवास झांबेझी नदीतून होड्यांनी झाला. बैल काठाकाठानं चालत होते. पुढं नदी सोडावी लागली तेव्हा साहेब बैलावर बसले. आपल्याकडे शंकराखेरीज बैलावर फारसं कुणी बसत नाही, आणि शंकराचा नंदीही बहुतेक वेळ बसलेलाच असतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र बैलावर बसून प्रवास करायची जुनी रीत होती. नाकाच्या पडद्यातून एक काडी घालायची, तिला दोरी बांधायची, की झाला लगाम. म्हणजे आपली वेसणच.

सिंदबादची पाठ इतर बैलांपेक्षा मऊ होती. हा त्याचा एकमेव गुण. साहेबांनी त्याला निवडलं ते याच गुणावर, आणि पाठीच्या मऊपणावरून स्वभावाचा अंदाज बांधू नये हे त्यांना लवकरच कळलं. त्याची शिंगं खाली वाकलेली आणि मुळाशी सैल, नुसती लोंबणारी होती. त्यामुळे शिंगांनी मारायचं काही त्याला जमत नसे. जी रग शिंगांतून बाहेर पडायची ती त्यानं बाकीच्या शरीरात साठवून ठेवली होती. अरुंद पायवाटेनं शिस्तीत चालता चालता तो एकदम बाजूच्या झाडीत घुसे. वेसण मागं ओढली तर जास्तच जोरात पळे. एका बाजूला ओढली तर नाक आणि डोकं त्या बाजूला खुशाल देई, पण दुसऱ्या बाजूचा डोळा मनातल्या ठिकाणावर रोखून ठेवी आणि शेवटी तिथंच जाई. नाकाडावर छडी मारणं हाच त्याला थांबवायचा एक उपाय.

हे वर्णन वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. मान साहेबांकडे, डोळा आपल्या जागेवर आणि पाय मनाला येईल तिकडे! ही विद्या आत्मसात करायला आमच्या खात्यातल्या जुन्या शिपायांना वीस-वीस वर्षं नोकरी करावी लागते. सिंदबादला ती उपजत होती.

एकदा वाटेवर एक वेल आडवी पसरलेली होती. बैल खालून सहज जाईल, पण वरचा माणूस वाकूनही जाणार नाही, एवढ्याच उंचीवर. सिंदबाद त्या वेलीखालून धावत गेला. साहेब वेलीत अडकून मागं ओढले गेले आणि टाळूवर आपटले. अशी संधी आली की सिंदबाद लाथ झाडायचा प्रयत्न केल्याशिवाय राहत नसे. लिव्हिंग्स्टननं हे सगळं अगदी न चिडता लिहून ठेवलं आहे. या बैलाचं प्रेम आपल्याला मिळालं नाही, आणि आपली तेवढी लायकीही नसावी, असा त्याचा सूर आहे. मला त्या सुरावरून माणूस आवडला. धर्मप्रसारकाला बैलाकडून आलेला नकार असा पचवता येणं सोपं नाही.

पण बैलाची बाजूही पाहिली पाहिजे. सुरस आणि चमत्कारिक गोष्टींतल्या सिंदबाद खलाशाच्या मानेवर एक म्हातारा बसतो आणि काही केल्या उतरत नाही. नाव ठेवणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असेल-नसेल. बैलाला मात्र ती नक्की ठाऊक असावी.

जानेवारी १८५४ मध्ये ही मंडळी बलोंडा लोकांच्या मुलुखात शिरली. पाऊस असा की तंबूला भोकं पडलेली, कपडे कुजायला आलेले, आणि साहेबांचं घड्याळ कोरडं राहावं म्हणून काखेत. इथं त्यांना मानेन्को भेटली. ही वीसेक वर्षांची उंच, धट्टीकट्टी सरदारीण. अंगाला चरबी आणि लाल माती फासलेली, कपड्याचं नाव फारसं नाही, आणि भर पावसात ती पुढं पायी चालतेय. मागं बैलावर बसलेले साहेब कुडकुडतायत. पावसात अंगावर काही घेत का नाही, असं साहेबांनी विचारलं तर, सरदारानं असं नाजूकपण दाखवू नये, असं उत्तर मिळालं. साहेबांचीच माणसं मागून तिची वाहवा करत होती. सिंदबादलाही ही तुलना पटली असणार.

मानेन्कोनं त्यांना आपल्या मामाकडे, शिंटे नावाच्या मोठ्या सरदाराकडे नेलं. साहेबांनी शिंटेला रीतीप्रमाणे एक बैल नजर केला. मानेन्कोला हे कळताच तिनं आकाशपाताळ एक केलं. हा गोरा माणूस मी आणला, म्हणून हा माझा. आणि हा माझा, म्हणून याचा बैलही माझा! तिनं आपली माणसं पाठवून बैल परत आणवला, कापवला आणि मामाकडे त्याची एक तंगडी पाठवून दिली. मामानं ती मुकाट्यानं घेतली. भाचीला उगाच डिवचू नये हे शहाणपण त्याच्यापाशी होतं. (जादूच्या कंदिलाचा प्रयोगही इथंच झाला. अब्राहाम मुलावर सुरी उगारतो ते चित्र साहेबांनी सरकवताच, सुरी आपल्याच अंगावर येतेय असं वाटून बायका किंचाळत पळाल्या. शिंटे मात्र शेवटपर्यंत बसून होता. मानेन्कोचा मामा तो, सुरीला काय घाबरतो!)

पुढं एका फुगलेल्या नदीत तर सिंदबादनं कमालच केली. नदी ओलांडायची तर माणसांनी बैलांच्या शेपट्या धरून जायचं, असा शिरस्ता होता. साहेबही तसंच करणार होते. पण खोल पाण्यात ते खाली उतरायच्या आतच सिंदबाद आपल्या सोबत्यांमागं सुसाट निघाला. त्याचं अंग पाण्यात इतकं बुडालं की धरायला काही हातात येईना, आणि वेसण ओढावी तर बैलच उलटा अंगावर येईल असं दिसायला लागलं. साहेबांनी बैल सोडला आणि पोहायला सुरुवात केली. साहेब बैलापासून सुटलेले पाहून काठावर हलकल्लोळ झाला. वीसएक जणांनी एकदम पाण्यात उड्या टाकल्या. साहेब पलीकडे टेकतायत तोच एकानं दंड धरला, दुसऱ्यानं कमरेला मिठी मारली. साहेबांना पोहता येतं हे पाहून त्या लोकांना केवढा आनंद झाला! तिथून पुढं माणसांची नदीची भीती गेली. ज्यांनी उड्या टाकल्या त्यांची नावं इतिहासात नाहीत, ही गोष्ट मला सिंहाच्या प्रसिद्धीपेक्षा जास्त खटकते.

इथवर हसण्यासारखं आहे. मार्च महिन्यात मामला बदलला. आता ते चिबोके लोकांच्या मुलुखात होते, आणि या वाटेवर गुलामांचे व्यापारी नेहमी ये-जा करत. व्यापारी जाताना प्रत्येक सरदाराला जकात म्हणून एखादा गुलाम देत. त्यामुळे वाटसरू आला की त्याच्याकडे एक माणूस मागायचा, अशी तिथं पद्धतच पडून गेली होती. न्जांबी नावाच्या सरदाराच्या गावाजवळ तळ पडला, तेव्हा त्याच्या लोकांनी हत्यारं घेऊन वेढा घातला. निमित्त काय, तर साहेबांच्या तुकडीतला पित्साने थुंकला आणि त्याची थुंकी न्जांबीच्या एका माणसाच्या पायावर उडाली! भरपाई म्हणून एक माणूस द्या, नाहीतर बैल द्या, नाहीतर बंदूक द्या.

लिव्हिंग्स्टन घडीच्या स्टुलावर बसला आणि दुनळी बंदूक त्यानं मांडीवर आडवी ठेवली. माणूस मिळणार नाही, हे त्यानं सांगून टाकलं. माझी सगळी माणसं स्वतंत्र आहेत, त्यांच्यातला एक देण्यापेक्षा आम्ही मरू. मग घासाघीस सुरू झाली. त्यानं एक सदरा दिला. पुरे झाला नाही. मणी दिले. कमी पडले. मोठा रुमाल दिला. जसजसं दिलं तसतसा पलीकडून आरडाओरडा वाढत गेला. शेवटी एक बैल देऊन प्रकरण मिटलं. बदल्यात न्जांबीनं खाण्याचे जिन्नस पाठवायचं कबूल केलं. संध्याकाळी जिन्नस आले. एका लहान टोपलीत थोडं पीठ, आणि सोबत त्याच बैलाचं दोन-तीन पौंड मांस! कोंबड्या नसल्याबद्दल दिलगिरीसुद्धा कळवली होती. ठेवीदाराला त्याच्याच ठेवीतून व्याज द्यायचं आणि वर 'आपण आमचे बहुमोल ग्राहक आहात' असं पत्र पाठवायचं, ही पद्धत आमच्या धंद्यानं शोधून काढली असा माझा समज होता. तो मी सोडून दिला.

पण त्या मुलुखात बैल म्हणजे काय, हे यावरून कळतं. दावणीला जोवर बैल होता तोवर माणसाऐवजी काहीतरी देता येत होतं. सत्तावीस जणांची किंमत चार-पाच हडकुळ्या बैलांवर तोलली जात होती, आणि बैल संपत चालले होते.

तेव्हा अक्कल चालवली ती साहेबांनी. पुढच्या एका मुक्कामी देऊ केलेला बैल परत आला, कारण त्याची शेपूट अर्धी तुटलेली होती. शेपूट तोडून आत काही जादूटोण्याचं औषध भरलं असणार, अशी घेणाऱ्यांना शंका. हे पाहताच आमच्या मंडळींनी उरलेल्या बैलांच्या शेपट्या भराभर छाटून टाकल्या. त्यानंतर त्या वाटेवर बैल कुणी मागितला नाही. अर्थशास्त्राच्या कुठल्याच पेपरात मी मालाची किंमत मुद्दाम पाडून भांडवल वाचवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण वाचलेलं नाही. सिंदबादची शेपूटही यात गेली असावी. त्यानं आधी घातलेल्या लाथा मी त्याच्या नावे आगाऊ जमा धरतो.

साहेबांना या काळात तापानं पुरतं पोखरलं होतं. एके दिवशी ताप चढलेला असताना सिंदबाद उधळला, वेसण तुटली आणि साहेब मागच्या मागे पुन्हा टाळूवर आले. जाता जाता सिंदबादनं मांडीवर एक लाथ दिली. या उपचारानं आपलं काही बिघडलं नाही, पण तापावरचा उतारा म्हणून इतरांनी तो करू नये, अशा अर्थाची शिफारस डॉक्टरसाहेबांनी करून ठेवली आहे.

३१ मे १८५४ रोजी सगळे लुआंडाला पोचले. एकही माणूस विकला गेला नव्हता. शहरात एकुलता एक इंग्रज होता, गॅब्रिएल नावाचा. त्यानं साहेबांना आपल्या पलंगावर झोपवलं. इकडे मकोलोलो मंडळी रिकामी बसली नाहीत. पहाटे कोंबडा आरवला की रानात जायचं, मोळ्या आणायच्या आणि गावात विकायच्या. मग बंदरात कोळशाचं जहाज लागलं. 'जळणारे दगड' उतरवायचं काम त्यांनी रोज सहा पेन्सवर महिन्याहून जास्त दिवस केलं, आणि एका जहाजाच्या पोटात इतके दगड कसे मावतात याचं नवल करत राहिले. साहेबांना जहाजानं घरी जाता आलं असतं. ते गेले नाहीत. माणसांना त्यांच्या गावी परत सोडायचं होतं. १८५५ च्या सप्टेंबरात ते लिन्यांटीला परतले. लुआंडाहून आलेला कर्नलचा पोशाख घालून सेकेलेटू रविवारी प्रार्थनेला बसला, आणि प्रवचनाकडे कुणाचंही लक्ष राहिलं नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी साहेबांनी तो धबधबा पाहिला.

या माणसाचा आपल्या मुंबईशीही संबंध आला, आणि तो सिंदबादच्या लाथेइतकाच लक्षात राहण्यासारखा होता. १८६४ साली लिव्हिंग्स्टन 'लेडी न्यासा' ही आपली छोटीशी आगबोट स्वतः चालवत अडीच हजार मैल समुद्र ओलांडून, पावसाळा तोंडावर आलेला असताना, १३ जूनला मुंबईत आला. बोट विकायची होती. तिला सुमारे सहा हजार पौंड खर्च आला होता. विकून आले तेवीसशे. ते त्यानं इथल्या एका बँकेत गुंतवले. कापसाच्या तेजीत मुंबईला शेअरचं वेड लागलं होतं. १८६५ साली अमेरिकेतलं युद्ध संपलं, तेजी बसली आणि पुढं ती बँक बुडाली. साहेबांची रक्कम गेली ती गेलीच. बँकेचं नाव मी घेत नाही. एका धंद्यातली माणसं आम्ही. सिंहाच्या तोंडातून, बैलाच्या पायातून आणि न्जांबीच्या वेढ्यातून सुटलेला माणूस शेवटी पासबुकात सापडला, एवढंच म्हणतो.

तरी त्याचा मुंबईवर विश्वास होता. १८६६ च्या जानेवारीत तो पुन्हा आफ्रिकेला निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई आणि नाशिकच्या मिशनमधले नऊ आफ्रिकी तरुण होते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली ही मुलं शरणपूरला वाढली होती. शिवाय जनावरं: सहा उंट, तीन म्हशी-रेडे आणि एक पारडू, दोन खेचरं, चार गाढवं. त्सेत्से माशीच्या चाव्यानं आफ्रिकेत बैल आणि घोडे मरतात. आपल्याकडची म्हैस आणि उंट टिकतात का, हे पाहायचं होतं. पण शिपायांनी त्या जनावरांवर इतकं ओझं लादलं आणि इतकं बडवलं, की ती माशीनं मेली की मारानं, हेच ठरवता येईना. सिंदबादसारखा एक जरी त्यांत असता तर त्यानं लाथ घालून हिशेब चोख ठेवला असता.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. सुसी, चुमा आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. आमच्या नाशिकच्या शाळेत शिकलेल्या जेकब वेनराइटनं त्या झाडावर नाव कोरलं. मग देह वाळवून त्यांनी तो महिनोन्‌महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेला.

लंडनला देह पोचला तेव्हा प्रश्न आला, की हा लिव्हिंग्स्टनच कशावरून? चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. सर विल्यम फर्ग्युसन या शस्त्रवैद्यानं डाव्या दंडाचं हाड पाहिलं. तिथं तो जादा सांधा होता. तीस वर्षांपूर्वी माबोत्साच्या सिंहानं केलेली नमुना सही तंतोतंत जुळली आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं. शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट होता. मांडी तपासायचं मात्र कुणाच्या मनात आलं नसावं. नाहीतर तिथं दुसरीही एक सही सापडली असती, खुराची.